भुंडा मोर आजारी नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या गावात एक मोर पोत्यात घालून आणला गेला. आणणारी पोरं शिकारी नव्हती, दहावी-बारावीतली होती. ओढ्याच्या काठाला त्यांना हा मोर दिसला. पिसारा गायब, मागं नुसता तपकिरी बुडखा. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून ‘शिकाऱ्यांनी पिसं उपटलेला मोर’ असं लिहून टाकलं. तासाभरात तो फोटो तीन गावांच्या ग्रुपवर फिरला आणि पोरं मोराला वाचवायला निघाली. बाभळीतून, उसातून दोन तास पाठलाग झाला. हाती लागला तेव्हा त्याचा उजवा पंख लोंबत होता. संध्याकाळी वनखात्याची माणसं येऊन त्याला उपचारासाठी घेऊन गेली.

पोरं मागं लागेपर्यंत त्या मोराला काहीही झालेलं नव्हतं. म्हणून हे पत्र.

मोराचा पिसारा दरवर्षी गळतो. ज्येष्ठ-आषाढात नाचून होतं, श्रावण सरत आला की पिसं पडायला लागतात आणि भाद्रपद-आश्विनात मोर पार भुंडा दिसतो. नवी पिसं फुटतात, पण पिसारा पुरता भरायला माघ उजाडतो. दीडशे-दोनशे पिसं, त्यातली लांबातली लांब दीड मीटरच्या घरातली. एवढं सगळं अंगातून दरसाल नव्यानं काढायचं म्हणजे खेळ नाही. आणि ती शेपटी नव्हेच. शेपटीच्या वर, पाठीच्या टोकाला ती पिसं फुटतात. खरी शेपटी त्याखाली झाकलेली असते, वीसेक आखूड, ताठ, तपकिरी पिसांची. मोर नाचतो तेव्हा तीच मागून पिसाऱ्याला टेकू देते. पिसारा गळाला की ही शेपटी उघडी पडते, आणि आपल्याला वाटतं कुणीतरी कापली.

गळालेला आणि उपटलेला यातला फरक शेतकऱ्याला तरी कळायला हवा. आपोआप गळालेल्या पिसाचं बूड कोरडं, स्वच्छ, पांढुरकं असतं. ओढून काढलेल्या पिसाच्या बुडाला रक्ताचा, कातडीचा अंश राहतो. चोरीचा माल पकडला की तपासणारे आधी हेच बघतात. देशात गळालेली पिसं विकायला कायद्यानं बंदी नाही, बाहेर पाठवायला आहे. या सवलतीच्या आडून मोर मारले जातात हेही खरं, त्यामुळं पोरांचा संशय अगदीच वेडगळ होता असं मी म्हणणार नाही.

भुंड्या मोराला काही जण लांडोर समजतात. मान बघा. मोराची मान गर्द निळी, पिसारा असो वा नसो. लांडोरीच्या मानेवर हिरवट झाक, पाठ तपकिरी, पोट पांढरट. मोराच्या पंखावर पांढऱ्या-काळ्या आडव्या रेघा असतात, उडाला की पंखाची टोकाकडची पिसं तांबूस चमकतात. (आखूड शेपटीच्या जनावराला आपण लांडं म्हणतो, लांडोर त्यातूनच आली असावी असा माझा आपला अंदाज.) शिवाय या दिवसांत मोर लांडोरींच्या मागं नसतात. दोन-दोन, तीन-तीन भुंडे मोर एकत्र चरताना दिसतात, पावसाळ्यात एकमेकांवर धावून जाणारे हेच ते.

लहानपणी वहीत मोरपीस ठेवलं नाही असा माणूस माझ्या पिढीत सापडणार नाही. त्याला पिल्लं होतात म्हणून आम्ही खडूचा चुरा घालायचो. वासुदेवाच्या टोपीतली पिसं, दर्ग्यातला मोरपिसांचा कुंचा, हे कुठून येत होतं असं आपल्याला वाटायचं? बहुतेक पिसं याच महिन्यांत ओढ्याकाठी वेचलेली. ती वर्षानुवर्षं विटत नाहीत, कारण त्यांत निळा रंगच नसतो. पीस बारीक कुटलं तर काळपट भुकटी हाती येते. निळं-हिरवं दिसतं ते पिसाच्या आतल्या बारीक घडणीवर उजेड पडून.

आता पेरणीबद्दल. माझी नऊ एकर कोरडवाहू मार्डीच्या शिवारात आहे. मोर भुंडा असतो नेमक्या त्याच दिवसांत आमची रब्बी ज्वारी पेरली जाते. काणी रोगासाठी गंधक, खोडमाशीसाठी कीटकनाशक, असं चोळूनच बियाणं पाभरीत, म्हणजे पेरणीच्या अवजारात, जातं. ते चोळायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण बांधाजवळ पाभर वळवताना मूठ-दोन मूठ दाणे उघड्यावर सांडतात आणि सकाळी लांडोर पिल्लं घेऊन तिथंच येते. जूनपासून घातलेल्या चार-सहा अंड्यांतून निघालेली ही पिल्लं. अंडी जमिनीवर, झुडपाच्या आडोशाला, आणि अठ्ठावीस दिवस उबवणारी ती एकटी. मोराचा त्यात काडीचा वाटा नाही. कुत्री, मुंगसं, घोरपडी यांतून वाचलेली दोन-तीन पिल्लं आपल्या सांडलेल्या दाण्यानं जाऊ नयेत. वळणावरचे दाणे पायानं मातीआड करायला पाच मिनिटं लागतात.

मोर नुकसान करतो का? करतो. भुईमूग उकरतो, तुरीचे कोंब खुडतो, मिरचीचं रोप सोडत नाही. त्याबरोबर किडे, नाकतोडे, सरडे, सापाची पिल्लंही खातो, पण त्यानं भुईमुगाची भरपाई होते असं मी शपथेवर सांगणार नाही. मला तो बांधावर हवा आहे, एवढंच.

त्याला फार काही लागत नाही. दिवसा लपायला झुडूप, प्यायला पाणी, रात्री बसायला उंच झाड. आमच्याकडं साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यामुळं तो ओढ्याला आणि विहिरींना धरून राहतो. दिवस मावळला की चिंचेवर किंवा लिंबावर फांदी-फांदीनं चढत जातो. बांध कोरून शेत रुंद करायच्या नादात आपण ही झाडं काढली. पण म्हणून कुणी नान्नजच्या माळावर मोरांसाठी वृक्षारोपण काढू नये. ते गवत माळढोक पक्ष्याचं, आणि त्याला झाडी नको, मोकळं रानच लागतं. मोर ओढ्याकाठी भागवतो, माळढोकाला दुसरं घर नाही.

मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे. म्हणजे प्रेमानं पकडला तरी तो गुन्हाच. खरोखर जखमी दिसला तर 1926 वर वनखात्याला फोन करावा आणि लांब उभं राहावं.

संपादकसाहेब, आपण दर जूनला नाचऱ्या मोराचा फोटो छापता. सगळीच वर्तमानपत्रं छापतात. यंदा दसऱ्याच्या आत एकदा भुंड्या मोराचा छापा आणि खाली लिहा, ‘या दिवसांत हा असाच असतो.’ फोटोग्राफर पाठवणार असाल तर सकाळी साडेसहाच्या आत यावं, गाडी ओढ्याच्या अलीकडंच बंद करावी. तीन मोर रोज माझ्या कडवळात, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीत, उतरतात. बांध मी दाखवीन, तेवढी जागा मात्र छापू नका.

आपला,
एक जुना वाचक
मार्डी, ता. उत्तर सोलापूर