ताई, बिनालेन्सच्या कॅमेऱ्यासाठी मनापासून थँक्यू!

ताई, नमस्कार. हे तुम्हाला मेसेजवर पण पाठवता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुम्ही जे समजावलंत ते आमच्या ग्रुपपुरतं राहू नये असं फार वाटतं.

फायनल इयरला आम्ही लेन्स नसलेला कॅमेरा हा विषय घेतला तेव्हा कॉलेजमध्ये याबद्दल विचारायला कोणी नव्हतं. हातात होता अमेरिकेतल्या बर्कले युनिव्हर्सिटीच्या लॉरा वॉलर यांच्या लॅबचा डिफ्यूझरकॅम, म्हणजे लेन्सऐवजी उजेड पसरवणारा पातळ पडदा (डिफ्यूझर) लावलेला कॅमेरा. २०१८ चा पेपर आहे, आणि तो घरच्या घरी कसा बनवायचा हे पण त्या लोकांनी फुकट देऊन ठेवलंय, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचा कॅमेरा घ्या, त्याची लेन्स काढा, सेन्सरसमोर डबल साइडेड टेप लावा, झालं. बनवणं सोपंच आहे हो, पण स्क्रीनवर येतो नुसता करडा धुरकट डाग, यातून फोटो निघणार हे मनाला पटायचं कसं?

तुम्ही ऑफिस करून रात्री व्हिडिओ कॉलवर बसायचात आणि सुरुवातीला कोडला हातच लावू दिला नाहीत. म्हणालात, खोलीत पूर्ण अंधार करा, एकच बारीक एलईडी लावा आणि सेन्सरवर काय येतंय ते नुसतं बघा. पाण्याच्या टाकीच्या तळाला उन्हाची जाळी हलते ना, अगदी तशी जाळी! एलईडी बाजूला सरकवला की जाळी सरकते, जवळ आणला की ती मोठी होते. मग तुम्ही सांगितलंत की समोरचा प्रत्येक बिंदू आपापली अशी जाळी टाकतोय आणि तो धुरकट डाग म्हणजे सगळ्या जाळ्यांची बेरीज. बेरीज हातात आहे, एका बिंदूची जाळी मोजलेली आहे, आता गणित उलटं सोडवायचं. त्या पेपरमध्ये १३ लाख पिक्सेलच्या एकाच फोटोतून १० कोटी व्हॉक्सेलचं (व्हॉक्सेल म्हणजे थ्रीडीतला पिक्सेल) थ्रीडी दृश्य काढलंय, कारण जवळ-लांबचा फरक जाळीच्या आकारात उतरतो आणि दृश्यातली बरीचशी जागा रिकामीच असते असं धरून चालता येतं. ते वाक्य आधीही वाचलं होतं, समजलं मात्र त्या रात्री.

पुढे हे उलटं गणित टप्प्याटप्प्याने सोडवायची ग्रेडियंट डिसेंट ही पद्धत तुम्ही आमच्याकडूनच लिहून घेतलीत, एडीएमएम ही दुसरी पद्धत त्यानंतर. डागातून हळूहळू कडा वर येताना बघणं काय भारी असतं ते सांगता येत नाही!

सगळ्यात जास्त आभार मात्र तुमच्या खरेपणाचे. आमच्यातला कोणी म्हणाला की आता फोनमधून लेन्स जाणार, तर तुम्ही लगेच थांबवायचात. इथे प्रत्येक पिक्सेलवर सगळीकडचा उजेड येऊन पडतो, त्यामुळे नॉइज (फोटोतले नको असलेले दाणे) वाढतो, आणि साध्या फोटोसाठी लेन्सच बरी. हे कामाचं कुठे, तर जिथे लेन्स मावत नाही किंवा चालतच नाही तिथे. राइस युनिव्हर्सिटीच्या फ्लॅटकॅम या बिनालेन्सच्या कॅमेऱ्यात मास्क, म्हणजे काही ठिकाणी उजेड अडवणारा नक्षीचा पडदा, जवळजवळ सेन्सरला चिकटलेला असतो, म्हणून कॅमेरा एकदम चपटा होतो, आणि त्याच कल्पनेवर त्यांनी छोटा मायक्रोस्कोप पण केला. आणि हार्ड, म्हणजे जास्त ऊर्जेच्या, एक्स-रेचं काय, त्यांना तर काचेची लेन्स वळवूच शकत नाही! २०१५ साली अवकाशात गेलेल्या आपल्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावरचा सीझेडटीआय हा एक्स-रे कॅमेरा टँटलमच्या भोकाभोकांच्या पत्र्याची सावली घेऊनच एक्स-रे कुठून आले ते काढतो, आणि त्याचं काम बघणारं पेलोड सेंटर पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आम्ही सगळे पुण्यात असून उडालोच.

एक पैसा न घेता, ओळखपाळख नसताना तुम्ही एवढा वेळ दिलात. आमचा सेटअप, मोजलेल्या जाळ्या आणि कोड सगळं ज्युनिअर्सकडे दिलंय. त्यांना टेपऐवजी दुसरा डिफ्यूझर लावून बघायचाय आणि त्यांचे प्रश्न लवकरच तुमच्याकडे येतील, तेवढं सांभाळून घ्या ताई.

तुमची,
ई अँड टीसीची एक विद्यार्थिनी