व्हॅनिलाचा अर्क आणि व्हॅनिलाचा काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत घरगुती व्हॅनिला अर्काची कृती वाचली. शेंगा चिरून पाण्यात उकळाव्यात, ते पाणी गाळून बाटलीत भरावे आणि आठ दिवसांनी केकमध्ये वापरावे, असे तीत म्हटले आहे. मी सहा वर्षांपासून हा अर्क घरी करते, म्हणून स्पष्टच लिहिते की, या रीतीने अर्क होत नाही. होतो तो व्हॅनिलाचा काढा, आणि आपल्याकडच्या हवेत तो बाहेर राहिला तर दोन-चार दिवसांत आंबतो. स्वयंपाकाच्या पानावर ‘दारू’ हा शब्द नको, असे कृती लिहिणाऱ्यांना वाटले असावे. तो संकोच मला समजतो, पण खरा अर्क मद्यार्कावाचून निघत नाही.

शेंगेचा वास एकट्या व्हॅनिलिनचा, म्हणजे तिच्यातल्या मुख्य सुगंधी द्रव्याचा, नसतो. त्याच्या जोडीची राळेसारखी कितीतरी द्रव्ये पाण्यात नीट उतरत नाहीत, मद्यार्कात मात्र सावकाश उतरतात, आणि तोच मद्यार्क अर्क टिकवूनही धरतो. अमेरिकेच्या नियमांनुसार ‘व्हॅनिला अर्क’ म्हणवण्यासाठी त्यात किमान ३५ टक्के मद्यार्क आणि लिटरमागे साधारण १०० ग्रॅम शेंगा लागतात. घरी याच प्रमाणाने करावे. आपल्याकडच्या साध्या व्होडकावर ४२.८ टक्के असे छापलेले असते, ते पुरेसे आहे. १८० मिलीच्या एका क्वार्टरला पाच-सहा शेंगा पडतात. पहिल्या वर्षी मी काटकसर म्हणून दोनच घातल्या, तर सहा महिन्यांनी हाती आली ती रंगीत व्होडका.

शेंगा काळसर, तेलकट आणि बोटाभोवती गुंडाळता येतील इतक्या लवचिक हव्यात. वेलीवरच्या हिरव्या शेंगेला हा वास नसतो. गरम पाण्यातून काढून, उबेत गुंडाळून घाम आणून, काही महिने वाळवत ठेवल्यावरच तो येतो, म्हणून बागेतून ताज्या शेंगा आणून बाटलीत टाकणे व्यर्थ आहे. शेंग उभी चिरावी, आतले मोहरीहूनही बारीक काळे बी सुरीच्या पाठीने मोकळे करावे आणि सगळे व्होडकात पूर्ण बुडवावे. गॅसवर अजिबात ठेवू नये. मद्यार्काची वाफ पेट घेते. आठवडाभरात रंग कोऱ्या चहासारखा होतो, पण वास दोन महिने तरी दारूचाच येतो, आणि नेमके इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. माझी बाटली लोणच्याच्या बरणीमागे अंधारात असते, अधूनमधून हलवते आणि सहा महिन्यांच्या आत वापरत नाही.

महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला परवाना लागतो आणि व्होडकासाठी वय २५ पूर्ण असावे लागते, हेही कृतीत यायला हवे होते. दुकानात मी क्वार्टर मागितली, तेव्हा गल्ल्यावरच्या मुलाने ‘काकू, पार्टी आहे का?’ असे विचारले होते. केकसाठी हवी आहे, यावर त्याचा आजही विश्वास बसलेला नसावा. हा खटाटोप नको म्हणून कोणी सॅनिटायझर किंवा औषधी स्पिरिट वापरण्याचा विचारही करू नये. ते पिण्याजोगे नसते, त्यात विषारी मिथेनॉल असू शकते.

ज्यांच्या घरात दारूची बाटली येतच नाही, त्यांनी अर्काचा नाद सोडून चिरलेली शेंग साखरेच्या बरणीत खुपसून ठेवावी. महिनाभरात साखरेला उत्तम वास लागतो. कस्टर्डला तर मला ती अर्काहून बरी वाटते. (श्रीखंडाला मात्र वेलचीच हवी.)

आपली कृती वाचून ज्यांनी शेंगा उकळल्या असतील, त्यांनी ते पाणी फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत खिरीत किंवा कस्टर्डमध्ये संपवावे आणि शेंगा खडखडीत वाळवून साखरेत घालाव्यात. शेंगा फार महाग असतात, तेव्हा एवढी सूचना येत्या रविवारी त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे