पिरॅमिड राजाच्या स्वर्गारोहणासाठी होते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला पिरॅमिडवरचा लेख वाचला. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये ममी सापडली नाही, सबब ते थडगे नव्हे, ऊर्जा निर्माण करणारी रचना होती, असा त्याचा सूर आहे. मी पेशाने स्थापत्य अभियंता. निवृत्तीनंतर ही बांधकामे प्रत्यक्ष पाहून आलो, म्हणून गप्प बसवेना.

आधी ममीचे पाहू. हा मोठा पिरॅमिड खुफू राजाचा. त्याच्या दफनकक्षात ग्रॅनाइटची शवपेटी आजही आहे, रिकामी. ती कक्षाकडे चढत जाणाऱ्या बोळापेक्षा किंचित रुंद आहे. म्हणजे नंतर ती कुणी आत नेणे शक्यच नव्हते. बांधकाम चालू असतानाच ती आत ठेवली आणि मग वर छत चढले. शवपेटी आधी आणि छत नंतर, असा क्रम ज्या वास्तूत दिसतो तिच्या हेतूबद्दल बांधकामातल्या माणसाला शंका राहू नये. आतले सारे चोरांनी प्राचीन काळीच लुटले. (गिझाच्याच तिसऱ्या पिरॅमिडमधली मेनकौरे राजाची कोरीव शवपेटी तर 1838 मध्ये इंग्लंडला नेताना जहाजासकट समुद्रात गेली. त्याची हळहळ आजही वाटते.) शिवाय साक्काऱ्याला उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये ममीचे अवशेष मिळालेले आहेत.

पण नुसता देह पुरायला एवढा दगड लागत नाही. राजाला आकाशात पोचवायचे होते. उनासच्या दफनकक्षात, इसवीसनपूर्व 2350 च्या सुमारास, भिंतींवर मंत्र कोरले आहेत आणि छतभर चांदण्या आहेत. ‘हे उनास, तू मरून गेलेला नाहीस, जिवंत निघाला आहेस,’ असे तिथे राजाला सांगितले आहे. पुढच्या राजांच्या पिरॅमिडांतही असे मंत्र आहेत. त्यांत राजा आकाशाला लावलेल्या जिन्याने वर जातो, सूर्याचे किरणच पायाखालची पायरी करतो.

हे वाचले की आकाराचा उलगडा होतो. इम्होतेप या वास्तुकाराने जोसेर राजासाठी बांधलेला सुमारे 60 मीटर उंचीचा पिरॅमिड सहा टप्प्यांचा, उघड उघड जिनाच. मग स्नेफ्रू राजाला सपाट, तिरकी बाजू हवी झाली. दाहशूरला त्याने सुमारे 54 अंशांच्या चढाने काम सुरू केले. पाया खचला, आत भेगा पडल्या, लाकडी तुळयांचे टेके द्यावे लागले, आणि निम्म्यावर चढ 43 अंशांवर आणला. तो वाकलेला पिरॅमिड मी बराच वेळ पाहत उभा होतो. त्या बाकात मला माझ्याच पेशातल्या माणसांची धास्ती आणि हुशारी दिसली. स्नेफ्रूने हार मानली नाही. शेजारीच सुमारे 43 अंशांचाच दुसरा पिरॅमिड उभारला, आणि त्याच्या मुलाने, खुफूने, 146 मीटरपर्यंत मजल मारली. उन्हाची तिरीप जशी वरून पसरत खाली येते तसा आकार दगडात उभा करण्याचा तो ध्यास होता. हेलिओपोलिसच्या सूर्यमंदिरातली पवित्र, निमुळत्या टोकाची बेनबेन शिळा हीच या कल्पनेची मुळी. अमेनेमहात तिसरा या राजाच्या पिरॅमिडचा काळ्या दगडाचा कळस कैरोच्या संग्रहालयात आहे. त्यावर पंख पसरलेल्या सूर्याखाली दोन डोळे कोरले आहेत, राजाने वरून सूर्य पाहावा म्हणून. जुन्या पिरॅमिडांची दारेही बहुधा उत्तरेला, कधीही न मावळणाऱ्या ताऱ्यांकडे.

आणि हे काम कुणी केले, याचाही कागद हाती आहे. लाल समुद्राकाठी वादी अल्-जर्फ येथे 2013 मध्ये मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी मिळाली. तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरायचे, नाईलमधून गिझाला पोचवायचे, परत फिरायचे, असा त्याच्या टोळीचा रोजचा हिशेब पपायरसवर आहे. लेखात त्या टोळीला एक ओळही मिळू नये, याचे मला फार वाईट वाटले.

आपण पुरवणीत मेरेरच्या रोजनिशीवर आणि उनासच्या मंत्रांवर छायाचित्रांसह स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती. विद्यार्थी आपली पुरवणी कात्रणे काढून जपतात.

आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता