वेक (wake) ह्या इंग्लिश शब्दाचा अर्थ समजावणाऱ्या काकांना

काका, नमस्कार. परवा नर्सिंगच्या इंग्लिश परीक्षेचा रिझल्ट लागला, पास झाले. घरी पेढे वाटून झाले तरी तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय.

त्या दिवशी वाचनालयाच्या पायरीवर मी आईशी फोनवर बोलताना रडत होते ना, त्याचं कारण एकच शब्द. क्लासच्या टेस्टमध्ये आयर्लंडच्या एका म्हातारीबद्दल होतं की घरच्यांनी तिला दोन रात्री घरीच वेक केलं. मी लिहिलं, पेशंट बरी होऊन उठली. सरांनी माझा पेपर सगळ्यांसमोर वाचून दाखवला, पोरं हसली, आणि अर्थ विचारला तर म्हणे मराठी मिडियमवाल्यांचं हेच, डिक्शनरी बघा. एवढी फी घेऊन! बेळगावच्या खानापूर तालुक्यात 10वीपर्यंत मराठीत शिकून पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम सगळं इंग्लिशमध्ये आलं की काय होतं ते त्यांना कुठलं कळणार.

तुम्ही म्हणालात, "मला पण नक्की माहीत नाही, उद्या ये की." मोठ्या माणसाच्या तोंडून असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कॅलेंडरचं फाडलेलं पान दिलंत, मागच्या कोऱ्या बाजूला सगळं मराठीत. तुमची भाषा कन्नड, मराठी बोलता छान पण लिहायची सवय नाही, एकेक अक्षर सुटं काढून वरची रेघ पट्टीने मारलेली, काही ठिकाणी ती अक्षराला टेकलीच नव्हती. ते बघून मला परत रडू आलं काका. रात्री किती वेळ बसला असाल त्याला!

वेक म्हणजे उठणं, उठवणं, पण मुळात जागं राहणं. आयर्लंडमध्ये माणूस गेलं की घरात ठेवतात, शेजारीपाजारी येतात, चहापाणी, प्रार्थना, गेलेल्याच्या आठवणी, आणि रात्रभर कोणीतरी जवळ जागं बसतं, तो वेक. खाली तुम्ही लिहिलं होतं, "तुमच्या गावात मयताजवळ रात्र जागवतात तसं." आजी गेली तेव्हा आम्ही समई विझू न देता पहाटेपर्यंत बसलो होतो, मग मला हा शब्द परका कशाला वाटेल? इंग्लंडमध्ये देवळाच्या सणाच्या आदल्या रात्री जागायचे त्यालाही वेकच म्हणायचे, पुढे लँकशायरच्या गिरणीगावांत वर्षाच्या सुट्टीलाच वेक्स वीक नाव पडलं. आपल्याकडे देवीचा जागर असतो त्यातलंच वाटलं मला.

बोटीमागे पाण्यावर उमटतो तो पट्टापण वेक, पण तो वेगळ्याच मुळाचा, उत्तर युरोपातल्या जुन्या भाषेत बर्फातल्या भोकाला म्हणायचे त्यातून आलेला. इन द वेक ऑफ म्हणजे मागोमाग, ते ह्या पट्ट्यावरून. हे सांगायला तुम्ही मला बेळगावच्या किल्ला तलावावर नेलंत आणि पाण्यातून जाणारं बदक दाखवलंत, त्याच्या मागे रेघा फाकत गेल्या त्या अजून डोळ्यासमोर आहेत.

ते पान मी हॉलतिकिटासोबत फाईलमध्ये ठेवलं होतं. रविवारी मी कुंदा, आपली बेळगावची मिठाई, घेऊन येतेय, घरी असा. सोबत माझी चार ओळींची चिठ्ठी आणेन, कन्नडमध्ये, माझ्या हाताने लिहिलेली. चुका असतील, तेवढ्या दुरुस्त करून द्या.