जुन्या फॉन्टमधले त्रैमासिकाचे अंक युनिकोडमध्ये आणणाऱ्या मॅक्रोबद्दल आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव जाहीर करू नये, ही आपली इच्छा मान्य करून आमच्या त्रैमासिकाच्या संपादक मंडळाच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. युनिकोड ही अक्षरे साठवण्याची प्रमाण पद्धत रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले आमचे जुने अंक पडद्यावर मराठी दिसत असले, तरी संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ होती. त्यामुळे त्यांत एखाद्या गावाचा उल्लेख शोधायचा, तर पानन्‌पान वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपण लिब्रेऑफिस रायटर या लेखनाच्या सॉफ्टवेअरसाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून दिलेल्या मॅक्रोमुळे, म्हणजे हे काम आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळे, ही अडचण दूर झाली.

‘शोधा आणि बदला’ वापरून हे काम उरकेल, असे सुचवणारे पुष्कळ भेटले. ते का उरकत नाही, हे आपणच प्रथम समजावून सांगितले. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जातात, तर युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. म्हणून ‘स्थिती’मधली आधी टंकलेली पहिली वेलांटी ‘स्थ’ हे जोडाक्षर संपेपर्यंत थांबवून मग ठेवावी लागते आणि ‘मर्त्य’मधला शेवटी येणारा रफार ‘त्य’च्याही आधी न्यावा लागतो. शिवाय लांब चिन्हसमूह आधी बदलले नाहीत, तर त्यांचेच तुकडे पुढच्या बदलांत सापडतात. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’साठी आपण वेगळा नियम केला, याबद्दल आमचे मुद्रितशोधक विशेष ऋणी आहेत, कारण त्याअभावी आचाऱ्यांचे आचार्य व्हायला वेळ लागला नसता.

मात्र मला सर्वाधिक मोलाचे वाटले ते आपण यंत्राला घालून दिलेले संयमाचे बंधन. मॅक्रो प्रत्येक परिच्छेदाचे फॉन्टनिहाय तुकडे तपासतो, जुन्या फॉन्टमधलाच मजकूर बदलतो, त्यामुळे मध्येच आलेली इंग्रजी नावे शाबूत राहतात. आणि जे चिन्ह त्याला ओळखता येत नाही, त्यावर अंदाज न बांधता तेवढा भाग पिवळा करून ठेवतो. मूळ फाइलला तो हात लावत नाही, बदललेली प्रत वेगळ्या नावाने जतन करतो. अशी खबरदारी तयार सॉफ्टवेअरमध्येही नेहमीच आढळते असे नाही.

चिन्हांचा तक्ता आपण प्रोग्रॅमच्या ओळींत न गुंतवता स्वतंत्र स्प्रेडशीटमध्ये ठेवला, म्हणून पायथनचा गंध नसलेले आमचे सहकारीही त्यात भर घालू शकतात. मथळ्यांसाठी वापरलेल्या दुसऱ्या फॉन्टची चिन्हे त्यांनी अलीकडेच त्यात भरली असून, तो सुधारित तक्ता या पत्रासोबत पाठवीत आहे. सवडीने नजरेखालून घालावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
संपादक मंडळाच्या वतीने