९१ कुठे अडते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सत्तावीस वर्षे मी शाळेत गणित शिकवले. परवा सहावीतल्या नातीची चाचणीची उत्तरपत्रिका पाहिली आणि हे पत्र लिहायला बसले. 'ज्या संख्येला फक्त १ ने आणि त्याच संख्येने भाग जातो, ती मूळ संख्या' ही व्याख्या तिने शब्दन् शब्द लिहिली होती. पूर्ण गुण. खालच्या प्रश्नात मात्र १ आणि ९१ मूळ संख्यांमध्ये घातलेले, दोन्हींवर लाल फुली. का चुकले, त्याबद्दल एक अक्षर नाही.

१ ला १ ने भाग जातो आणि 'त्याच संख्येने'ही जातो. मग दिलेल्या व्याख्येप्रमाणे पोरीचे चुकले कुठे? 'नेमके दोनच विभाजक असतात ती मूळ संख्या' असे शिकवले असते, तर १ ला एकच विभाजक आहे, म्हणून तो मूळ नाही आणि संयुक्तही नाही, हे तिचे तिलाच कळले असते.

मी तिच्यापुढे बटणांचा डबा ओतला. १२ बटणे सारख्या ओळींत मांड म्हटले. सहाच्या दोन ओळी झाल्या, चारच्या तीन झाल्या. मग १३ दिली. बराच वेळ खटपट चालली होती. दर खेपेला एखादे उरायचे, नाहीतर कमी पडायचे. शेवटी सगळी एका रांगेत लावून म्हणाली, "आजी, ही वाटलीच जात नाहीत गं." त्या वाक्यात तिला मूळ संख्या सापडली होती.

९१ बद्दल विचारले तर म्हणाली, "सम नाही, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज १०, म्हणजे ३ नेही भाग नाही." इथेच ती थांबली होती. ७ ने भाग देऊन बघायचा राहिला. तेरा साते एक्क्याण्णव ती घडाघडा म्हणते. पण पाढ्यात विभाजकच असतात, हे तिला कुणी दाखवले नव्हते. ५१, ५७, ८७ या संख्यांनाही मुले अशीच फसतात.

खरे तर १०० पर्यंतची कोणतीही संख्या तपासायला २, ३, ५ आणि ७ पुरतात. दोन्ही अवयव १० पेक्षा मोठे असले, तर गुणाकार १०० च्या पुढेच जाणार. म्हणजे एक तरी अवयव १० च्या आत हवा, आणि त्याला या चारांपैकी एकाने भाग जातोच. सहावीच्या मुलांना हे सहज पटते. तरी ते न सांगता १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्यांची यादी पाठ करून घेतात, याचे मला फार वाईट वाटते. एराटोस्थेनिसची चाळणी, म्हणजे पटीतल्या संख्या खोडत मूळ संख्या शोधायची रीत, फळ्यावर एकदा दाखवून भागत नाही, ती मुलांच्या हातून व्हायला हवी.

म्हणून एक विनंती. आपल्या बालपुरवणीत १ ते १०० चा साधा तक्ता छापावा, उत्तरांशिवाय. २ ठेवून २ च्या पटीतल्या बाकी संख्या खोडा, मग तसेच ३, ५ आणि ७ चे करा, एवढीच सूचना खाली असावी. १ चे काय करायचे, ते मुलांनाच ठरवू द्यावे.

– एक निवृत्त गणित शिक्षिका