कोंबडीत गहू येतो कुठून?

महोदय,
सीलिॲक म्हणजे गहू, जव यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार. त्याच्या रुग्णाला साधी, मसाला न लावलेली कच्ची कोंबडी आणून शिजवली तर चालते. ग्लूटेन शिरतं ते पुढे. चिली चिकनच्या आवरणात बहुधा मैदा, सोया सॉसमध्ये गहू. नुसतं कॉर्नफ्लोअर लावलं, पण त्याच तेलात समोसे तळले, तर सगळं व्यर्थ. तंदुरी चिकनच्या भट्टीतच नान भाजतात. डबीतल्या हिंगातही अनेकदा मैदा असतो, हे तर आचाऱ्यांच्याही लक्षात येत नाही! म्हणून ‘ग्लूटेन आहे का?’ न विचारता पीठ, सॉस, हिंग, तेल एकेक विचारावं. नगेट्सच्या पाकिटावर ‘गहू’ शोधावा. ‘ग्लूटेन-फ्री’साठी मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. हॉटेलांनी मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थापुढे गव्हाची नोंद करावी, ही कळकळीची विनंती.
– एक वाचक, पुणे